टी पेशी आणि विषाणूबाधित पेशी : उंदरांवरच्या प्रयोगात या चुका टाळा

उंदराला एलसीएमव्ही हा विषाणू टोचला, आठव्या दिवशी प्लीहेतल्या टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) काढल्या, बाधित पेशींबरोबर ठेवल्या आणि एकही पेशी मेली नाही. अशा वेळी पहिला संशय टी पेशींवर जातो. मग विषाणूचा डोस वाढवला जातो, नवे उंदीर घेतले जातात. त्याआधी एकच गोष्ट तपासा: टार्गेट पेशींचा, म्हणजे टी पेशींनी ज्या मारायच्या त्या पेशींचा, एच-२ प्रकार उंदराच्या एच-२शी जुळतो का? (एच-२ म्हणजे पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर दाखवणारे उंदरांचे रेणू.)

ही चूक सर्वांत जास्त वेळ खाते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. टी पेशीला अख्खा विषाणू दिसत नाही. बाधित पेशी आतल्या विषाणू-प्रथिनांचे तुकडे करते, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा एच-२ रेणूच्या खाचेत बसतो आणि ही जोडी पेशीच्या पृष्ठभागावर येते. टी पेशी ओळखते ती या जोडीला. १९७४ मध्ये कॅनबेरा इथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी नेमकं हेच दाखवलं. एलसीएमव्हीची लागण झालेल्या सीबीए उंदरांच्या टी पेशींनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या बाधित एल९२९ पेशी मारल्या. सी५७ब्लॅक उंदरांच्या टी पेशींनी, विषाणू तोच असूनही, त्या मारल्या नाहीत. या शोधासाठी दोघांना १९९६ चं नोबेल मिळालं, आणि तरीही हीच अट आजही प्रयोग आखताना विसरली जाते.

इथे स्ट्रेनच्या, म्हणजे उंदरांच्या शुद्ध वाणाच्या, नावावर जाऊ नका. एल९२९ पेशी सी३एच उंदराच्या आहेत, सीबीएच्या नाहीत, पण दोन्ही स्ट्रेनचा एच-२ प्रकार एकच, एच-२के, आहे, म्हणून प्रयोग जमतो. सी५७बीएल/६ (एच-२बी) साठी एमसी५७ किंवा ईएल४ या टार्गेट पेशी घ्या, बाल्ब/सी (एच-२डी) साठी पी८१५. एच-२के आणि एच-२बीच्या संकरातून आलेल्या एफ१ (पहिल्या पिढीच्या) उंदराच्या टी पेशी दोन्ही प्रकारची टार्गेट मारतात, पण त्यासाठी मुख्यतः टी पेशींचे दोन वेगळे गट काम करत असतात. तेव्हा एफ१ मध्ये सगळं जुळलं म्हणून एच-२चा प्रश्न सुटला असं समजू नका.

बाधित करण्याऐवजी टार्गेट पेशींवर बाहेरून घालायचं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) निवडतानाही हाच घोळ होतो. जीपी३३-४१ हे एलसीएमव्हीच्या ग्लायकोप्रोटीनमधलं पेप्टाइड सी५७बीएल/६ मध्ये उत्तम चालतं, कारण त्याच्या पाचव्या जागी या उंदरांच्या डीबी या एच-२ रेणूला हवं असलेलं अ‍ॅस्पॅराजीन हे अमिनो आम्ल आहे. बाल्ब/सीच्या पेशींवर ते घालून काही मिळणार नाही. तिथे बाल्ब/सीच्या एलडी या एच-२ रेणूत बसणारं, विषाणूच्या न्यूक्लिओप्रोटीनमधलं एनपी११८-१२६ हवं.

टार्गेट पेशींना लागण झालीच नाही, हेही घडतं. एलसीएमव्ही पेशी मारत नाही, त्यामुळे बाधित पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धडधाकट दिसतात. विषाणूच्या न्यूक्लिओप्रोटीनचं स्टेनिंग (ते प्रथिन रंगवून पाहणं) करून खात्री करा. उंदरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसचा त्रास उलटा आहे. पेशी बाधित असते, पण तो विषाणू एच-२ रेणू पृष्ठभागावर पोहोचूच देत नाही. म्हणून बाधित पेशींवरचं एच-२ही मोजा.

भरपूर पेशी मेल्या तरी लगेच खूश होऊ नका. एच-२ नसलेल्या टार्गेटवर एनके पेशी (नॅचरल किलर, म्हणजे टी पेशींहून वेगळ्या मारेकरी पेशी) तुटून पडतात, आणि लागणीच्या पहिल्या काही दिवसांत त्या फार सक्रिय असतात. जुळणाऱ्या एच-२ची, पण विषाणूची बाधा न झालेली टार्गेट आणि न जुळणाऱ्या एच-२ची बाधित टार्गेट, हे दोन्ही कंट्रोल हवेतच. क्रोमियमच्या चाचणीत टार्गेट पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरतात आणि पेशी मेली की ते बाहेर पडतं; तिथे टी पेशींशिवायच २०-२५ टक्क्यांहून जास्त क्रोमियम बाहेर पडत असेल, तर ते आकडे वापरू नका.

टी पेशी काम करताना इंटरफेरॉन गॅमा हे सायटोकाइन (संदेश देणारं प्रथिन) बनवतात. ते मोजताना ब्रेफेल्डिन, म्हणजे प्रथिनं पेशीबाहेर जाऊ न देणारं रसायन, कधी घालता, यावर बरंच काही ठरतं. ब्रेफेल्डिन टी पेशीतलं सायटोकाइन आत अडवतं, पण टार्गेट पेशीतले नवे एच-२ रेणूही अडवतं. बाहेरून पेप्टाइड दिलं असेल तर अडचण नाही. जिवंत विषाणूने पेशी बाधित करत असाल, तर तुकडे पृष्ठभागावर येऊ द्या, मगच ब्रेफेल्डिन घाला. टेट्रामरचं (ठरावीक एच-२-पेप्टाइड जोडी ओळखणाऱ्या टी पेशींना चिकटणाऱ्या, रंग लावलेल्या रेणूचं) स्टेनिंग मात्र टी पेशींना पेप्टाइडने उत्तेजित करण्याआधी करा, कारण उत्तेजनानंतर टी पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेतात आणि टेट्रामर फिका दिसतो.

टेट्रामरला चिकटलेली प्रत्येक पेशी काम करतेच असंही नाही. एलसीएमव्हीच्या क्लोन १३ प्रकाराने लागण दीर्घकाळ टिकते. तिथे जीपी३३ ओळखणाऱ्या पेशी टेट्रामरने दिसतात, पण सायटोकाइन फारच कमी बनवतात, आणि एनपी३९६ (न्यूक्लिओप्रोटीनमधलं दुसरं पेप्टाइड) ओळखणाऱ्या पेशी तर जवळपास नाहीशाच होतात. अशा उंदरांत दोन्ही पेप्टाइड तपासा, आणि टेट्रामरबरोबर इंटरफेरॉन गॅमाही मोजा.