माटोळीही दिसावी आणि खिडकीही: लेअर मास्कची पहिली ओळख

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या कोणत्याही घरात छायाचित्र काढायला उभे राहिले की एक अडचण हमखास येते. गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळे-पाने टांगण्याची लाकडी चौकट, बांधलेली असते, तिला नारळ, सुपारीचे घोस, अंबाडे आणि रानातून आणलेली फळे लटकत असतात, खोलीत समईचा मंद उजेड असतो आणि बाजूच्या खिडकीबाहेर पावसाने न्हालेली हिरवी बाग लखलखत असते. माटोळी नीट दिसेल असा उजेड धरला, तर खिडकी पांढरीफटक पडते. बाग दिसेल असा धरला, तर माटोळी काळोखात बुडते. यावर उपाय म्हणजे दोन छायाचित्रे काढून ती एकत्र करणे, आणि हे काम स्वच्छपणे करण्याचे साधन म्हणजे लेअर मास्क. फोटोशॉप आणि मोफत मिळणारे गिम्प या छायाचित्रे सुधारण्याच्या दोन्ही संगणक-प्रणालींत ही सोय आहे, म्हणून खालील पद्धत दोन्हींना धरून सांगितली आहे.

आधी लेअर म्हणजे काय ते पाहू. एका छायाचित्रावर दुसरे छायाचित्र कागदासारखे ठेवले, तर वरचे दिसते आणि खालचे झाकले जाते. या प्रत्येक कागदाला लेअर म्हणतात. ही सोय फोटोशॉपमध्ये १९९४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. वरच्या कागदाचा काही भाग नाहीसा करून खालचा दाखवायचा असेल, तर नवशिक्या माणसाचा हात सहज इरेझरकडे जातो. मी त्या वाटेने जाऊन नुकसान करून घेतले आहे. फोंडा तालुक्यातील आमच्या घरी आजोबा माटोळी बांधत असतानाचे एक छायाचित्र होते. त्यातली मागची भिंत पुसताना दोरीला गाठ मारणारी त्यांची बोटेही पुसली गेली. ते मी पाहिले नाही, फाइल त्याच नावाने जतन केली आणि मूळ प्रत कार्डावर उरलेली नव्हती. त्यानंतरच्या वर्षापासून माटोळी काकांनी बांधली, त्यामुळे ते छायाचित्र पुन्हा काढता आले नाही.

इरेझर नेमके काय करतो, हे समजायला आपल्याकडची कावी कला उपयोगी पडते. पेडणे तालुक्यातील मोरजी येथील मोरजाईच्या मंदिरात ज्यांनी ती पाहिली असेल, त्यांना लगेच उमगेल. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच अणकुचीदार सळीने खरवडून आकृती काढतात. जिथे काव निघते तिथे खालचा पांढरा चुना दिसू लागतो. कारागिराचा हात चुकला, तर खरवडलेली काव परत चिकटवता येत नाही. इरेझरचेही तसेच आहे. मास्क मात्र लेअरला हात लावत नाही. लेअरच्या कोणत्या भागाने दिसावे आणि कोणत्या भागाने लपावे, एवढेच सांगणारे एक वेगळे करडे चित्र तो लेअरला जोडून ठेवतो. त्या चित्रात जिथे पांढरा रंग, तिथे लेअर दिसतो. जिथे काळा, तिथे तो लपतो आणि खालचा लेअर दिसतो. जिथे राखाडी, तिथे तो अर्धवट दिसतो. नेहमीच्या आठ बिटांच्या फाइलमध्ये काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ धरून एकूण २५६ छटा मिळतात, म्हणजे १२८ च्या आसपासची राखाडी छटा लेअरला साधारण निम्मा पारदर्शक करते. चुकून काळा रंग लागला, तर त्यावर पांढरा फिरवावा. लपलेले सगळे जसेच्या तसे परत येते.

आता प्रत्यक्ष काम. कॅमेरा तिपाईवर बसवून एक छायाचित्र माटोळीसाठी आणि एक खिडकीसाठी काढावे. छिद्रमान (ॲपर्चर) तेच ठेवून फक्त शटरचा वेग बदलावा, उदाहरणार्थ आतल्यासाठी १/१५ सेकंद आणि बाहेरच्यासाठी १/२५० सेकंद. दोन्ही चित्रे एकाच फाइलमध्ये लेअर म्हणून आणण्यासाठी फोटोशॉपमध्ये फाइल मेनूतील स्क्रिप्ट्सखाली ‘लोड फाइल्स इंटू स्टॅक’ आहे, तर गिम्पमध्ये फाइल मेनूत ‘ओपन ॲज लेअर्स’ आहे. उजळ चित्र खाली आणि खिडकीचे गडद चित्र वर ठेवावे. कॅमेरा किंचित हलला असेल, तर मास्क लावण्यापूर्वीच चित्रे जुळवून घ्यावीत: फोटोशॉपमध्ये दोन्ही लेअर निवडून एडिट मेनूतील ‘ऑटो अलाइन लेअर्स’ वापरावे, गिम्पमध्ये वरच्या लेअरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) निम्मी करून, खिडकीच्या चौकटीकडे पाहत तो लेअर हळूहळू सरकवावा आणि मग ओपॅसिटी पुन्हा पूर्ण करावी.

वरच्या लेअरमधून आपल्याला फक्त खिडकी हवी आहे, म्हणून मास्क काळ्याने सुरू करणे सोयीचे. थोडासाच भाग दाखवायचा असेल तर काळा मास्क आणि थोडासाच लपवायचा असेल तर पांढरा मास्क, ही सवय लावून घेतली की पुष्कळ वेळ वाचतो. फोटोशॉपमध्ये लेअर पॅनेलच्या तळाशी मध्ये गोल असलेले चौकोनी चिन्ह असते; ते आल्ट कळ दाबून क्लिक केले की काळा मास्क मिळतो, नुसते क्लिक केले तर पांढरा. गिम्पमध्ये लेअरवर उजवी क्लिक करून ‘ॲड लेअर मास्क’ निवडावे आणि पडद्यावर पुढे उघडणाऱ्या संवादचौकटीत काळा पर्याय घ्यावा. मग डी कळ दाबून रंग मूळ काळा-पांढऱ्यावर आणावेत, मऊ कडेचा ब्रश घ्यावा आणि पांढऱ्या रंगाने खिडकीवर फिरवावा. बाहेरची बाग उमटू लागते. ब्रश चौकटीबाहेर गेला, तर एक्स कळीने रंगांची अदलाबदल करून तेवढा भाग काळा करावा.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते, आणि ती वेळीच लक्षात आली नाही तर फार मनस्ताप होतो. लेअरच्या ओळीत आता दोन छोटी चित्रे असतात, एक छायाचित्राचे आणि दुसरे मास्कचे. ज्याच्याभोवती चौकट असते, त्याच्यावर ब्रश चालतो. मास्कऐवजी छायाचित्र निवडलेले राहिले, तर रंग थेट छायाचित्रावरच बसतो. म्हणून ब्रश उचलण्यापूर्वी मास्कवर एकदा क्लिक करावे, आणि पडद्यावर खरोखरच काळा किंवा पांढरा डाग उमटताना दिसला तर हात तिथेच थांबवून ‘अनडू’ने एक पाऊल मागे यावे.

चौकटीच्या सरळ कडेपर्यंत ब्रशने काम भागते, पण खिडकीच्या उजेडासमोर माटोळीची पाने आणि सुपारीचे घोस लोंबत असतील तर प्रत्येक पानाभोवती ब्रश फिरवणे शक्य नसते, आणि फिरवला तरी त्याच्या कडेला एक कृत्रिम उजळ रेघ राहते. अशा वेळी छायाचित्राच्या उजेडाचाच मास्क करावा. वरच्या गडद चित्रात खिडकी उजळ आणि पाने काळी आहेत. म्हणजे जे दाखवायचे ते आधीच पांढऱ्याकडे आणि जे लपवायचे ते काळ्याकडे झुकलेले आहे. गिम्पमध्ये मास्क जोडताना ‘ग्रेस्केल कॉपी ऑफ लेअर’ हा पर्याय निवडला की त्या लेअरचीच करडी प्रत मास्क म्हणून बसते. फोटोशॉपमध्ये वरचा लेअर पूर्ण निवडून कॉपी करावा, मास्कच्या छोट्या चित्रावर आल्ट धरून क्लिक करावे आणि तिथे पेस्ट करावे. मग मास्कवरच लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची पातळी बदलणारे साधन) लावून काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे करावे. ते टोकाला मात्र नेऊ नये. पानाच्या कडेवर राखाडीची एक बारीक पट्टी उरू द्यावी, कारण प्रत्यक्षातही उजेड पानाच्या कडेवरून थोडा आत पाझरतो. खोलीत समईची ज्योत किंवा पितळेची चमक मास्कमध्ये पांढरी उमटली असेल, तर तिच्यावर काळा ब्रश फिरवावा. माझ्या मते मास्कचे खरे कौशल्य या राखाडीत आहे, आणि नवशिक्याने सर्वाधिक सराव तिचाच करावा.

आकाशासारख्या मोठ्या भागासाठी ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू मिसळत जाणारा पट्टा, वापरावा. मंगेशीची सात मजली दीपमाळ संध्याकाळी टिपली आणि आकाश फार उजळ आले, तर फोटोशॉपमध्ये कर्व्ह्जचा ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या चित्राला हात न लावता त्याचा उजेड बदलणारा लेअर) घेऊन चित्र गडद करावे. त्याला मास्क आपोआप जोडलेला असतो. त्या मास्कवर वरून खाली पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट ओढला की आकाश गडद राहते आणि अंगण पूर्ववत होते. दीपमाळ आकाशात वर गेलेली असल्यामुळे तिचे वरचे मजलेही काळवंडतात. तेवढ्यावर कमी ओपॅसिटीचा काळा ब्रश दोन-तीन वेळा फिरवून त्यांचा पांढरेपणा परत आणावा.

काम तपासताना मास्कच्या छोट्या चित्रावर आल्ट धरून क्लिक करावे. पडद्यावर नुसता मास्क दिसतो आणि एरवी नजरेतून सुटलेले ठिपके लगेच सापडतात. मास्क तात्पुरता बंद करून आधीचे आणि नंतरचे चित्र ताडून पाहायचे असेल, तर फोटोशॉपमध्ये शिफ्ट आणि गिम्पमध्ये कंट्रोल धरून त्याच जागी क्लिक करावे. ‘अप्लाय लेअर मास्क’ ही आज्ञा मात्र विचार करूनच द्यावी, कारण ती दिल्यावर मास्क लेअरमध्ये कायमचा मुरतो आणि लपवलेला भाग खरोखरच जातो. फाइल फोटोशॉपमध्ये पीएसडी आणि गिम्पमध्ये एक्ससीएफ म्हणून जतन करावी. नातेवाइकांना पाठवण्यासाठी जेपीजी वेगळी काढावी. तिच्यात लेअर आणि मास्क दोन्ही राहत नाहीत, म्हणून ती कधीही एकमेव प्रत असू नये.