जेडचा घरातला बोन्साय: छाटणीपासून भेटीपर्यंत

घरात वाढवण्यासाठी पहिला बोन्साय जेडचाच असावा, असे माझे ठाम मत आहे. जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा; ही दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक येथील वनस्पती पानांत व खोडात पाणी साठवते; त्यामुळे घरातील कोरडी हवा ती सहज सोसते आणि तिचे खोड लहानपणीच जुन्या झाडासारखे भरदार दिसू लागते. बारीक पानांची, लालसर खोडाची पोर्टुलाकारिया आफ्रा हीदेखील जेड म्हणूनच विकली जाते. पुढील रीत दोन्हींना लागू पडते.

निरोगी झाडाची आठ-दहा सेंटिमीटर लांबीची फांदी कापून खालची पाने काढावीत आणि काप पूर्ण सुकेपर्यंत ती चार ते सात दिवस सावलीत ठेवावी, कारण ओला काप मातीत गेला की कुजतो. मग ती कुंडीत लावावी. मातीच्या मिश्रणात जाड वाळू, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा परलाइट (ज्वालामुखी काच तापवून फुगवलेले हलके, पांढरे दाणे) यांचे प्रमाण निम्म्याहून कमी नसावे आणि कुंडीच्या तळाला छिद्र असलेच पाहिजे. मुळे धरेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे. पुढेही माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच भरपूर पाणी घालावे. जेड तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक मरते. जागा घरातील सर्वांत उजेडाच्या खिडकीची निवडावी, कारण कमी प्रकाशात फांद्या लांबट आणि लेच्यापेच्या होतात.

खरे कौशल्य छाटणीत आहे. जेडची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि गळल्यावर खोडावर कड्यासारखी खूण राहते. या खुणेच्या किंवा पानांच्या जोडीच्या किंचित वर कापले, तर तेथून बहुधा दोन फांद्या फुटतात. उरलेला खुंट आपोआप सुकून खुणेपर्यंत गळतो, म्हणून तो ओढून काढू नये. दोन्ही फांद्या राखल्या तर झाड कृत्रिम दिसते, तेव्हा एकदा डावी, एकदा उजवी ठेवत गेल्यास वळणदार आकार साधतो. फांद्यांना वळण देण्यासाठी तार गुंडाळण्याचा मोह मात्र आवरावा, कारण मऊ खोडात ती चटकन रुतते आणि व्रण वर्षानुवर्षे दिसत राहतो. खोड जाड हवे असेल, तर उथळ कुंडीची घाई न करता झाड मोकळेपणाने वाढू द्यावे.

भेट देण्यासाठी नुकतेच कुंडी बदललेले झाड निवडू नये; मुळे स्थिरावण्यास काही महिने मिळाले पाहिजेत. नेण्याआधी माती कोरडी ठेवावी, म्हणजे कुंडी हलकी राहते. टपोरी पाने धक्क्याने गळतात, म्हणून भोवती मऊ कागद भरावा. सोबत पाणी आणि उजेड यांविषयी दोन ओळींची चिठ्ठी जरूर द्यावी. ज्यांच्या घरी मांजर किंवा कुत्रा आहे, त्यांना क्रासुला देऊ नये, कारण ती या प्राण्यांना विषारी आहे; तेथे पोर्टुलाकारिया द्यावी.