पीटचा धूर, शेरीचा गोडवा : अर्डबेग उगडाल कशी चाखावी

धुराची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात फक्त मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की, पहिल्यांदा हुंगणारा बहुधा धुरापाशीच अडखळतो आणि ती ज्यात मुरली त्या शेरीच्या (स्पेनमधल्या कडक वाइनच्या) पिंपाने केलेले काम त्याच्या नाकापर्यंत पोहोचतच नाही. ही अडखळण दूर करण्यासाठी मी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची अर्डबेग ‘उगडाल’ सुचवेन. मोड आणलेले सातू पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, धुरावर वाळवल्यामुळे हिच्यात धूर उतरतो. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपांत मुरलेल्या मद्याला ओलोरोसो या गडद शेरीच्या पिंपांत मुरलेल्या मद्याची जोड मिळाल्याने सुक्या मेव्याचा गोडवा येतो.

चाखण्यापूर्वी कच्चा कांदा किंवा तिखट मसालेदार काही खाऊ नये. तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळत्या काचेच्या पेल्यात 30 मिली ओतून दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. रंग पाहून घ्यावा, पण त्यावरून फारसे अनुमान काढू नये.

आता ओठ किंचित उघडे ठेवून पेला नाकाजवळ आणावा, मद्यार्क 54.2 टक्के असल्याने खोल श्वास घेतल्यास नाक झोंबते. आधी टिंक्चर आयोडीन, डांबर, विझलेल्या चुलीतली ओली राख असे वास येतील. येथे घाई करू नये. नाक धुराला लवकर सरावते, म्हणून दोन-तीन वेळा हुंगून थांबावे आणि पुन्हा यावे. मग धुराच्या मागून मनुका, खारीक, अक्रोड आणि संत्र्याची वाळलेली साल एकेक करून पुढे येतात. माझ्या मते या व्हिस्कीचे खरे सुख याच क्षणात आहे.

छोटा घोट दहा सेकंद जिभेवर फिरवून गिळावा आणि श्वास नाकावाटे सोडावा, कारण धूर खरा कळतो तो तेव्हाच. त्यानंतर ड्रॉपरने साधे पाणी थेंब थेंब घालत प्रत्येक वेळी पुन्हा हुंगावे. पूर्ण 30 मिलीत चमचाभर, म्हणजे 5 मिली, पाणी घातले तर मद्यार्क साधारण 46.5 टक्क्यांवर येतो. स्वीडनमधील दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय प्रतिकृतीतून दाखवले की मद्यार्क कमी झाल्यावर धुराच्या वासाचा एक घटक, ग्वायकॉल, द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. तेव्हा पाण्याने वास मरतो ही समजूत सोडून द्यावी. बर्फ मात्र टाळावा, त्याने गंध मिटून जातात.

रिकामा पेला लगेच धुऊ नये. सकाळी तो हुंगला की कोरडी राख आणि तळाशी चिकटलेली मनुक्यांची गोडी, दोन्ही अजून तिथे असतात.