नंबर वन रेकॉर्ड विकत घेताना

गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात जुन्या रेकॉर्डी विकणारा हमखास ऐकवतो, "भाऊ, नंबर वन होतं हे गाणं, कमी कसं करू?" ऐकून घ्यायचं आणि बोली निम्म्यावरून सुरू करायची. गाणं चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या आठवड्याच्या क्रमवारीत, जितकं वर, तितक्या त्याच्या प्रती जास्त. दुर्मिळ असतं ते न चाललेलं गाणं.

उदाहरणाला 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' घेऊ. पाचगणीच्या शाळेत शिकलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्याला घरचाच वाटतो, त्यामुळे विचारणाही त्याचीच फार. ही सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड, ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर १९७५ ला निघाली. ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, अशी धास्ती होती. पण लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने ते आधीच पुन्हा पुन्हा वाजवलं होतं आणि लोक दुकानांत विचारायला लागले होते. नोव्हेंबरअखेर ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सलग नऊ आठवडे तिथून हललं नाही. ब्रिटनचा चार्ट तेव्हा दुकानांतल्या विक्रीवर ठरे, म्हणजे नऊ आठवडे ढीगच्या ढीग खपले. अमेरिकेत रेडिओवरचं वाजणंही मोजत. तिथे १९७६ मध्ये ते नवव्या क्रमांकापर्यंत पोचलं.

आता रेकॉर्ड हातात घ्या आणि आधी उलटी करा. मागे 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार' आणि लेबलवर ईएमआय २३७५ (कंपनीचं नाव आणि रेकॉर्डचा क्रमांक) असेल तर ती सत्तरच्या दशकातली ब्रिटिश प्रत. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, डिसेंबरात हेच गाणं पुन्हा निघालं आणि पुन्हा पाच आठवडे अव्वल राहिलं. त्या प्रतीवर पार्लोफोनचं लेबल आणि दुसऱ्या बाजूला 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' असतं. ती पंच्याहत्तरची म्हणून गळ्यात मारू पाहतात, तेव्हा चष्मा बरोबर असू द्या. खरी किमती आहे ती १९७८ ची निळी रेकॉर्ड. ईएमआयने फक्त २०० काढल्या होत्या, हाताने क्रमांक घालून. गाणं तेच! पण ती इथे चादरीवर पसरलेली सापडेल ही आशा सोडा.

मग उन्हात तिरपी धरून बघा. खाचा राखाडी दिसल्या तर सुईने त्या झिजवल्यात. पांढरे ठिपके म्हणजे आपल्या पावसाळ्याची बुरशी. वरवरची असेल तर ती निघते. विक्रेत्याकडे प्लेअर असेल तर सुरुवातच वाजवून मागा. तिथे वाद्यं नाहीत, नुसते आवाज आहेत, त्यामुळे खरखर असेल तर लपत नाही. शिवाय सहा मिनिटांचं गाणं सात इंचांत बसवायचं म्हणजे खाचा दाट येतात. बारीक ओरखडाही ऐकू येतो. शेवटाकडचा गिटारचा दणका मात्र काहीही झाकतो, विक्रेता नेमका तोच भाग लावतो.

प्लेअरचा वेग ४५ चा, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांचा, ठेवा. मधलं भोक मोठं असेल तर अडॅप्टर लागतो.

घरी आणल्यावर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाका, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं राहू द्या. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून पंख्याखाली वाळवा. जूनच्या आत प्रत्येक रेकॉर्ड नव्या आतल्या पाकिटात घाला आणि उभी ठेवा. भिंतीला लागून नको, फोंड्याकडच्या भिंती पावसात घाम गाळतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

याच हाताने आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या पुसायला घेतलात तर स्पिरिटची बाटली दूर ठेवा. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.