कपाशी पाण्यात उभी, तरी तहानलेली

पंधरा-वीस दिवसांची उघडीप, जमिनीला भेगा आणि कपाशी पात्या-फुलं-बोंडांनी लदलेली. मग एका रात्री धो-धो पाऊस होतो, सकाळी कडक ऊन पडतं आणि दुपारपर्यंत हिरवीगार झाडं माना टाकतात. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत मराठवाडा-विदर्भातल्या भारी काळ्या रानात याची भीती असतेच. गावात म्हणतात कपाशी उमळली, कृषी विद्यापीठ म्हणतं आकस्मिक मर. ताणावरच्या पिकाला मोटारीचं मोकाट पाणी दिलं तरी हेच होतं.

औषध आणायला धावण्याआधी एक झाड उपटून पाहा. साल सुटून मूळ सडलेलं असेल आणि झाड सहज हातात येत असेल, तर ती मूळकूज. खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर बुरशीची मर. मूळ धडधाकट, खोड आतून स्वच्छ आणि तरीही पानं लोंबलेली, असं असेल तर ती आकस्मिक मर. ती कुठल्या बुरशीमुळे येत नाही, त्यामुळे नुसत्या बुरशीनाशकावर पैसे घालून काही हाती लागत नाही.

मुळाशी एवढं पाणी असताना झाड सुकतं कसं, हे समजून घ्या; उपायाची घाई का करायची ते त्यातच आहे. मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो आणि त्यात प्रथिनांची बारीक दारं असतात. पाणी आत घेणाऱ्या दारांना ॲक्वापोरिन म्हणतात, पालाशची (पोटॅशियमची) दारं वेगळी. पाण्याचं दार दाखवून देणारे पीटर ॲग्रे आणि पालाशच्या दाराची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं. आपल्या कपाशीचं दुखणं मला या दोन दारांपाशीच दिसतं.

पावसाने मातीतल्या सगळ्या पोकळ्या भरल्या की मुळांची हवा तुटते. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. श्वास कोंडलेल्या पेशीत आम्लता वाढते आणि आम्लता वाढली की पाण्याची दारं मिटतात. हे २००३ मध्येच फ्रान्समधल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर दाखवलं. म्हणजे मूळ पाण्यात बुडालेलं, पण दार बंद. वर पानं मात्र उन्हात पाणी उडवतच राहतात. ज्या झाडावर बोंडांचा भार जास्त ते आधी झुकतं, आणि तेच आपलं सगळ्यात चांगलं झाड असतं. त्याचं फार वाईट वाटतं.

पुढचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सुकलेलं पान आपली छिद्रं मिटतं, पण ऊन पडतच असतं. त्या न वापरलेल्या उजेडातून पानात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी प्राणवायूची जहाल रूपं तयार होतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. हे पदार्थ पडदा जाळतात आणि पालाशची बाहेर उघडणारी दारं सताड उघडतात, त्यामुळे पेशीतला पालाश गळू लागतो. पाणी ओसरून मुळांना एकदम हवा मिळाली की या जहाल पदार्थांची आणखी एक लाट येते. म्हणून पाणी उतरलं, आता झाड आपोआप सावरेल, असं म्हणून थांबू नका.

झाडं झुकलेली दिसताच २४ ते ४८ तासांच्या आत हात चालवा. आधी साचलेलं पाणी काढा. धुऱ्याकडच्या उताराला चर खोदा, ओळींमध्ये मिळेल तिथून वाट द्या. पाय रुतत नाही इतपत जमीन झाली की झुकलेल्या झाडाच्या बुडाची माती पायाने दाबून घ्या आणि आळवणी करा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश (०:०:५०) आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून झाडाच्या बुडाशी १०० मिली द्या. १० लिटरमध्ये शंभर झाडं होतात. पंपाचं नोझल काढून एका मापाच्या पेल्याने अंदाज बसवून घ्या. झुकलेली झाडं आणि त्यांच्या शेजारची तेवढीच घ्या, सगळ्या रानाला गरज नसते. युरिया आणि पोटॅश दमलेल्या मुळाजवळ लगेच अन्न ठेवतात, तांबं दुखावलेल्या मुळात बुरशी शिरू देत नाही.

दुसरा पर्याय कोबाल्ट क्लोराइडचा: २०० लिटर पाण्यात १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट खत) एक किलो, कॉपर ऑक्सिक्लोराइड २५० ग्रॅम आणि कोबाल्ट क्लोराइड फक्त २ ग्रॅम. कोबाल्ट झाडात पानं-पाती गळवणारा इथिलीन वायू तयार होऊ देत नाही, त्यामुळे पानगळ आणि पातेगळ आवरते. पण २ ग्रॅम म्हणजे २ ग्रॅमच. घरच्या काट्यावर ते मोजता येत नाही, सोनाराकडून तोलून आणा, १ लिटर पाण्यात विरघळवा आणि १० लिटरच्या पंपाला त्यातले ५० मिली घाला. ते विषारी आहे. हातमोजे घाला, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. दोन्ही द्रावणं एकाच झाडाला देऊ नका, आणि यात कीटकनाशक तर मिसळूच नका.

ज्यांच्या रानात अजून उघडीप चालू आहे, त्यांना अजून संधी आहे. भेगा पडेपर्यंत थांबून मग सरी भरभरून पाणी देऊ नका. एका आड एक सरीने, संध्याकाळी, हलकं पाणी द्या. डवरणी करून भेगा बुजवा. १३:०:४५ ची १ टक्क्याची फवारणी, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, याच दिवसांत सकाळी घ्या. पालाश पुरेसा असलेलं झाड पानाची छिद्रं वेळेवर मिटतं आणि ताण जास्त सोसतं. शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडून ठेवल्या, तर मोठ्या पावसाचं पाणी मुळाशी न थांबता त्यातून निघून जातं.

आळवणीनंतर आठवडाभर झाड पाहत राहा. काही झाडं पिवळी-लाल पडून पानं टाकतील. शेंडा हिरवा असेल तर उपटू नका, त्यातली बरीच नवी पालवी धरतात. आणि ज्या जागी झाडं झुकली तिथे काठी रोवून खूण करा, पुढच्या उन्हाळ्यात चर नेमका तिथून काढता येईल.