रब्बी पेरण्याआधी विहीर मोजा

आमच्या पारनेर तालुक्यात दसऱ्याला विहीर वरपर्यंत आली की मंडळी गव्हाचं बी आणायला निघतात. पण काठावरून दिसतो तो साठा. तो चार-पाच दिवसांत उपसून होतो. पुढचे तीन महिने पीक जगतं ते झऱ्यांच्या आवकीवर, आणि ती घरच्या घरी मोजता येते.

गवंड्याचा लांब टेप घ्या, टोकाला जड नट बांधा. विहिरीच्या काठावर एका जागी ऑइलपेंटची खूण करा. दरवेळी तिथूनच मोजायचं, नाहीतर काठाच्या उंचसखलपणानं आकडा बदलतो. वरून पाणी नेमकं कुठे टेकलं ते कळत नाही, म्हणून टेपच्या खालच्या दोन मीटरला कोरडा खडू घासते. वर ओढला की ओली रेघ स्पष्ट दिसते.

संध्याकाळी मोटर चालवून पाणी चांगलं खाली न्या, मोटर बंद करा, लगेच मोजा. दहा तासांनी, मोटर चालू करण्याआधी, परत मोजा. शेजारची विहीर जवळ असेल तर तिथली मोटरही त्या रात्री बंद हवी, कारण दोन्हींचे झरे बहुधा एकच. मी सरळ सांगते, "अण्णा, आजची रात्र मोटर लावून दारं धरू नका, म्हणजे पिकाला पाणी देऊ नका, उद्या तुमची विहीर मोजून देते." सहसा ऐकतात.

आता हिशोब. विहीर 6 मीटर व्यासाची असेल तर एक मीटर पाणी म्हणजे साधारण 28 हजार लिटर. रात्रीत दोन मीटर चढलं तर 56 हजार, वीस दिवसांत अकरा लाख. गव्हाला दर वीस दिवसांनी पाण्याची पाळी धरली आणि सारे, म्हणजे वरंब्यांमधले लांब पट्टे, पाणी सोडून भिजवले, तर एकराला एका पाळीला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे साडेपाच एकर गहू? थांबा. हा ऑक्टोबरचा आकडा आहे. आपल्याकडे पाणी मुरमात आणि मांजऱ्या, म्हणजे झिजलेल्या ठिसूळ, खडकात असतं. खालचा काळा पाषाण फटींपुरतंच धरतो. पातळी उतरली की मुरूम आधी कोरडा पडतो आणि आवक घटते. मी जानेवारीसाठी निम्मीच धरते. त्यातून घरचं आणि दावणीचं पाणी आधी बाजूला काढते. राहतो अडीच एकर गहू. बाकी रानात ज्वारी, नाहीतर एक-दोन पाळ्यांवर येणारा हरभरा. तुषार संच असेल तर थोडं वाढवता येईल, पण संच आणला म्हणून लगेच कांदा वाढवला तर वाचवलेलं पाणी तिथेच जातं.

"कमी पडलं तर बोअर घेऊ" हे मला पटत नाही. बोअर बहुतेक वेळा त्याच फटींतलं पाणी ओढतं आणि आधी आटते ती आपलीच नाहीतर शेजारची विहीर. शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद ठेवलं, ऊस-केळीला नाही म्हटलं, आणि पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. एकट्याच्या विहिरीचं गणित शेवटी तिथेच जाऊन पोचतं: खालचं पाणी सामाईक असेल तर मोजमापही चार विहिरींचं एकत्र हवं.

पावसाळ्यात शेतातलं पाणी विहिरीत सोडणार असाल तर आधी गाळ बसायला एक खड्डा, मग दगड-खडी-वाळूची गाळणी. गोठ्याकडून किंवा खत टाकलेल्या रानातून येणारं पाणी विहिरीत घेऊ नका, विशेषतः पिण्याचं पाणी तिथूनच भरत असाल तर.

संक्रांतीच्या सुमारास पुन्हा तसंच मोजा. आवक निम्म्याहूनही खाली गेली असेल तर गव्हाचा एखादा तुकडा तेव्हाच सोडा आणि त्याची पाळी उरलेल्या गव्हाला द्या; सगळंच अर्धं भिजवलं तर दाणा कुठेच भरत नाही.