आडातलं पाणी: कथालेखन हाच व्यवसाय असेल तर

कथा-कादंबऱ्या लिहून मी गेली १९ वर्षं पोट भरते आहे. नवे लेखक भेटले की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो सुचण्याचा. माझ्या मते सुरुवातीला ही अडचण फारशी नसतेच. पहिल्या दोन-तीन पुस्तकांना लहानपणापासूनचा साठा पुरतो. कसोटी लागते ती त्यानंतर. लिहिणं रोजचं झालेलं असतं, मुदत डोक्यावर असते, मानधनाची आगाऊ रक्कम खर्चून झालेली असते आणि आत डोकवावं तर खडखडाट.

माझ्यावर ही वेळ अकराव्या वर्षी आली. एका साप्ताहिकासाठी क्रमशः कादंबरी लिहीत होते. चौदावं प्रकरण पाठवलं आणि संपादकांचा फोन आला. त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं, "ही मावशी म्हणजे तुमच्या आधीच्या कादंबरीतली शेजारीण का हो? तीसुद्धा अशीच चष्मा पुसत बोलायची." फोन ठेवला आणि दोन्ही लिखाणं समोर घेऊन बसले. नुसता चष्माच नव्हता. दोघी बोलायला लागल्या की "खरं सांगू का" असंच सुरू करायच्या. मी माणसं बघणं कधी बंद केलं हे माझं मलाच कळलं नव्हतं. जुन्याच माणसांना नवी नावं देत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या वर्षी कामाची पद्धत बदलली. त्यातलं जे टिकलं ते इथे सांगते.

आवकीची वही

कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. आपण लेखक फक्त जावक सांभाळतो. किती शब्द झाले, कुठलं प्रकरण कुठे पाठवलं, सगळं तोंडपाठ असतं. आत काय आलं ते मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

खिशात मावेल अशी वही घ्या. फोनवर नोंदी करू नका. नोंद करायला म्हणून फोन उघडतो आणि भलतंच वाचत बसतो. दिवसाला तीन नोंदी करा, एकही पाच ओळींपेक्षा मोठी नको. जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेवढंच लिहायचं. अर्थ लावायचा नाही, भावनेचं नाव घालायचं नाही. "दुःखी म्हातारी" असं लिहिलंत की ती नोंद मेली. तीन वर्षांनी वही उघडाल तेव्हा त्यात तुमचं मत सापडेल, म्हातारी सापडणार नाही.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते: "रुग्णालय, तपासणीच्या खोलीबाहेरचा बाक. पन्नाशीचा माणूस आईच्या स्वेटरची बटणं लावतोय. खालून सुरुवात. वर एक काज उरलं. आईने मान खाली घालून बघितलं, बोलली नाही. सगळी बटणं स्वतःच सोडली आणि हात मांडीवर ठेवून बसली. त्याने पुन्हा खालून सुरुवात केली."

बटणं सोडता येणाऱ्या बाईला ती लावताही आली असती. हे मात्र मी वहीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती नोंद तिथेच संपली असती.

साडेतीन वर्षांनी मी दोन भावांची कथा लिहीत होते. वाटणीवरून बोलणं तुटलेले भाऊ. समेटाचा प्रसंग काही केल्या उतरेना. चार मसुदे झाले, प्रत्येकात कुणीतरी माफी मागायचं आणि सगळं खोटं वाटायचं. वही चाळताना ही नोंद समोर आली. मग पाचव्या मसुद्यात थोरला हिशेब मांडताना बेरीज चुकतो. धाकट्याला चूक दिसते. तो काही न बोलता त्या आकड्यांवर काट मारतो, कोरा कागद थोरल्यापुढे सरकवतो आणि पेनही त्याच्याच हातात देतो. कथेत रुग्णालय नाही, आई नाही, स्वेटर नाही. हाताची ती हालचाल तेवढी आहे. नोंद अशी वापरायची. तिच्यातली कृती उचलायची आणि माणूस तिथेच सोडायचा. खरी माणसं ओळखू येतील अशी कथेत घालणं मला पटत नाही.

वही नीटनेटकी ठेवायची गरज नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीच्या ७३ वह्या उपलब्ध आहेत आणि त्यांत खुनांच्या कथानकांच्या शेजारी खरेदीच्या याद्या आहेत. मी शिस्त पाळते ती एकच. महिनाअखेरीला शेवटच्या पानावर पानाचा क्रमांक आणि दोन-तीन शब्द: "४१, बटणं, आई." नाहीतर हवी ती नोंद हवी तेव्हा हाती लागत नाही.

बसणं आणि उठणं

एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरी करत. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचे. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात हे नोंदवलं आहे. शब्दांचा असा कोटा मी दोन वर्षं चालवला आणि सोडून दिला. कोटा भरायचा म्हणून माझी पात्रं गरज नसताना बोलायला लागली होती. ट्रोलोप यांची दुसरी सवय मात्र मी घेतली. पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचं लिखाण वाचत, शब्द कानाला कसे लागतात ते तपासत. मी मोठ्याने वाचते. दोन पात्रं एकाच आवाजात बोलत असतील तर डोळ्याला कळायच्या आधी जिभेला कळतं. त्यानंतर अडीच तास. लिखाण झालं नाही तरी उठायचं नाही, आणि त्या वेळात दुसरं काही करायचं नाही.

उठायचं कधी, हे त्याहून महत्त्वाचं. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने १९३५ मध्ये एका लेखात लिहिलं होतं की लिखाण चांगलं चाललेलं असताना आणि पुढे काय होणार हे ठाऊक असताना थांबावं. मला हे पटायला फार वर्षं लागली, कारण हात चालत असताना थांबणं जिवावर येतं. पण प्रसंग पूर्ण करून उठलं की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून प्रसंग अर्धवट सोडा आणि उठण्यापूर्वी तीन ओळींची चिठ्ठी लिहा: कोण कुठे उभं आहे, त्याला या घडीला काय हवंय, पुढचं वाक्य कुणाचं. सध्याच्या कादंबरीसाठीची माझी कालची चिठ्ठी अशी होती: "नंदा दारात, चप्पल घातलेली. आपल्याला कुणी थांबवावं असं तिला वाटतंय. पुढे वडील बोलतील, पण तिच्याशी नाही." सकाळी ही चिठ्ठी वाचली आणि दहा मिनिटांत वडील कुत्र्याशी बोलायला लागले.

अडलं तर

अडणं एकाच प्रकारचं नसतं, आणि सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. मी स्वतःला आधी विचारते: या पात्राला काय हवंय हे मला माहीत आहे का? माहीत नसेल तर तोच प्रसंग समोरच्या पात्राच्या बाजूने एक पानभर लिहिते. ते पान छापायचं नसतं. माहीत असूनही हात चालत नसेल, तर बहुधा ते लिहायची मला भीती वाटत असते. तेव्हा घरचं कोण वाचेल, कुणाला काय वाटेल, हा विचार बाजूला सारून तो भाग कागदावर हाताने लिहिते आणि दोन दिवस टंकित करत नाही. आणि कधी कधी फक्त झोप झालेली नसते. अशा वेळी तंत्र शोधत बसू नका, झोपा.

चालण्याबद्दल एक बारकावा सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये चालण्याचा आणि सुचण्याचा संबंध तपासला. चालताना, आणि चालून येऊन बसल्यावर थोडा वेळ, लोकांना जास्त नव्या कल्पना सुचल्या. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. माझा अनुभव हुबेहूब असाच आहे. "पुढे काय काय होऊ शकेल?" हा प्रश्न घेऊन चालायला जा. "यातलं कुठलं निवडू?" हा टेबलाशी बसून सोडवा. पूर्वी मी शेवट ठरवायला म्हणून फिरायला जायची आणि चार नवे शेवट घेऊन परत यायची.

वाचनाचं थोडक्यात: कादंबरी लिहीत असताना मी कादंबऱ्या कमी वाचते. न्यायालयाचे निकाल, घड्याळदुरुस्तीचं पुस्तक, नकाशे कसे काढतात याची माहिती, असलं काहीतरी वाचते. दुसऱ्या धंद्याचे शब्द आले की पात्रांच्या हातांना काम मिळतं.

न विकलेलं एक पान

आता व्यवसायाचं. कामाला नाही म्हणता येण्याइतकी शिल्लक ठेवणं हा सर्जनशीलतेचाच भाग आहे, असं मी मानते. हातातलं प्रत्येक लिखाण आधीच कुणाला तरी कबूल केलेलं असेल, तर तुम्ही जमतं तेच पुन्हा पुन्हा लिहाल, कारण चुकण्याची सोय उरत नाही. म्हणून वर्षातला एक महिना मी कुणालाच शब्द देत नाही. त्या महिन्यात असं काही लिहायचं जे मला लिहिता येत नाही. गेल्या खेपेला एका लिफ्टमनच्या तोंडून, फक्त संवादांत, चाळीस पानं लिहिली. कथा म्हणून ती उभी राहिली नाही. पण त्याचं ते दारं उघडता-मिटता तुटक बोलणं माझ्या कानात राहिलं, आणि सध्याच्या कादंबरीतली नंदा दारातच उभी राहून बोलते ती त्यामुळे. चाळीस पानं कपाटात आहेत. कुणाला दाखवलेली नाहीत, दाखवणारही नाही.